सोनकांबळे बाईंचा समुद्र

आमच्या आदिलाबादकडच्या माणसाला समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. मोठं पाणी पाहायचं तर बासरला जायचं, गोदावरीत बुडी मारायची, सरस्वतीपुढे पोराची पाटी ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने भैंशाला परत यायचं. मुंबई पाहून आलेले गावात दोघे-तिघे होते, पण त्यांनीही समुद्र नीट पाहिला होता असं नाही. एकाने तर “लय पाणी हाय” एवढ्यावर विषय मिटवला होता. अशा गावातल्या सोनकांबळे बाईंनी आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो थेट जपानचा. मुलं त्यांना मागून जपानबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मी आमच्या मराठी शाळेत लागले तेव्हा नवी सून होते, चोवीस वर्षांची. बाई बेचाळिशीच्या. ठेंगणा बांधा, सावळा चेहरा, आणि अंबाड्यात खोचलेला निळा खडू. हा खडू फक्त भूगोलाच्या तासाला बाहेर यायचा आणि कुणालाही मिळायचा नाही. हेडमास्तरांनी एकदा मागितला, तर “सर, पांढरा देऊ का?” म्हणून बाईंनी पांढरा पुढे केला होता. चाल संथ, बोलणं संथ. शाळेची घंटा झाली की आम्ही सगळे धावायचो, बाई मात्र पोचायच्या तेव्हा पोचायच्या, आणि गंमत म्हणजे वर्गात आमच्या आधी असायच्या.

एक सवय मात्र मला फार खटकायची. बाई प्रत्येक गोष्ट विचारून करायच्या. “बसू का?” “खिडकी उघडू का?” “मी जाऊ का मंग?” स्वतःच्या वर्गात शिरतानासुद्धा उंबऱ्यावर क्षणभर थांबायच्या. मला वाटायचं, किती हा नम्रपणा! आमच्या घरी चहाला आल्या की पिशवीतून स्वतःचा पेला काढून पुढे ठेवायच्या. मी समजायचे, बाई स्वच्छतेच्या कडक आहेत. पुष्कळ उशिरा माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपल्याला कोणत्या भांड्यात चहा द्यायचा हा प्रश्न यजमानाला पडायच्या आतच त्या सोडवून टाकत होत्या. ते कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बाई या गावच्याच लेक. नवरा लवकर वारला म्हणून मुलाला घेऊन माहेरी आल्या होत्या. बौद्धवाड्यातली पहिली शिकलेली मुलगी, आणि गावातली पोहता येणारी एकुलती एक बाई. वडिलांनी लहानपणी नदीत शिकवलं होतं. नदीला आमच्याकडे दोन घाट. वरचा दगडी, पायऱ्यांचा, पुढे खोल स्वच्छ डोह. खालचा म्हणजे घाट कसला, पुलाखालचा चिखलाचा उतार. वरच्यांनी आंघोळी करायच्या, धुणं धुवायचं, आणि ते सगळं वाहून येईल ते खालच्यांनी वापरायचं. मी लग्न होऊन आले तोवर हातपंप आले होते, कायदे आले होते, कोणी कोणाला उघडपणे हटकत नसे. हटकायची वेळच यायची नाही, कारण खालचं कोणी वर जातच नसे. बाई पोहायला शिकल्या त्या म्हशींच्या मधे, कमरेएवढ्या गढूळ पाण्यात. “एकडाव खोल, साफ पाण्यात पोहाचं हाय वं मले,” असं त्या मला पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या, कुणी काशीयात्रेचं बोलावं तसं. मी हसून सोडून दिलं.

जपानचं असं झालं, की आदिलाबादच्या विहारात जपानहून काही भिक्षुणी आल्या होत्या. त्यांतल्या एका लहान चणीच्या भिक्षुणीने बरीच वर्षं भारतात काढली होती, हिंदी छान बोलायची. तिने जिल्ह्यातल्या तीन शिक्षिकांना तीन आठवड्यांसाठी तिकडे बोलावलं. त्यात आमच्या बाई. पासपोर्टची दरख्वास्त तहसिलीत गेली, चौकशीला भैंशाहून पोलीस आला आणि चावडीवर बसून विचारू लागला, “ये औरत कैसी है?” पाटलांनी पानाची पिंक टाकून सांगितलं, “पुछ पुछ के सांस लेती है.” एवढ्या साक्षीवर बाईंचा पासपोर्ट झाला. जाताना त्यांनी ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तो पेला बरोबर घेतला.

परत आल्या तेव्हा सगळं गाव विचारायला. गाड्या किती जोरात पळतात, घरं कागदाची असतात का, साप खातात का. बाई सगळ्यांना थोडंथोडं सांगायच्या आणि गप्प व्हायच्या. त्यांचं मन तिकडे नव्हतंच. ते अडकलं होतं एका किनाऱ्यावर. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी व्हरांड्यात बसायचो. समोर कापसाच्या शेतांवर ऊन हलत असायचं. बाई भिंतीला डोकं टेकवून डोळे अर्धे मिटायच्या, आवाज खाली यायचा, आणि मग ते सुरू व्हायचं.

“कामाकुरा नावाचं गाव हाय, इंदू. तिथं आमी मोठ्या बुद्धाचं दर्शन घेतलं. उघड्यावर बसला हाय, डोक्यावर छप्पर नाई. मंग एका गल्लीतून चालत निघालो. दोन्ही अंगाले घरं, घरापुढं फुलाच्या कुंड्या. चालता चालता गल्ली संपली, आन् पुढं काईच नव्हतं वं. जमीनच सरली होती.”

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! युइगाहामा असं त्या किनाऱ्याचं नाव. बाई ते हळूच, जिभेवर गूळ ठेवल्यासारखं उच्चारायच्या. वाळू काळपट, आपल्या नदीकाठच्यासारखी. वाळूवर लाकडाच्या आणि चटयांच्या झोपड्या, फक्त उन्हाळ्यापुरत्या. त्यात लोक कपडे बदलतात, काहीबाही खातात, झोपतात. “आन् कपडे म्हणशील तं इंदू, न घातल्यासारखेच! म्हाताऱ्या बाया, पोटुशा बाया, साऱ्याच्या साऱ्या पाण्यात. मी आधी खाली पाह्यलं. मंग म्हटलं, कोणीच कोणाकडं पाहून नाई राह्यलं, मंग आपणच काऊन लाजावं?” एका म्हाताऱ्याच्या हातातला भाताचा लाडू घारीने झडप घालून नेला होता. “घारी मात्र आपल्याच,” बाई म्हणायच्या, माहेरचं माणूस भेटल्याच्या सुरात.

पण खरं सांगणं पुढे असायचं. दूर पाण्यात फळ्यांवर पालथी पडलेली माणसं.

“काई करत नव्हते ते. नुसते वाट पाहून राह्यले होते. एक लाट आली, नाई आवडली, जाऊ देल्ली. दुसरी आली, जाऊ देल्ली. मंग एखादी यायची आन् एक जण उठून फळीवर उभा राह्याचा, आन् पाण्यावरून चालत आल्यावानी काठाले यायचा. काठाले आला की वळून परत पाण्यात. त्याले कुठंच जायचं नव्हतं, इंदू. एवढी मेहनत, आन् जायचं कुठंच नाई.”

“आणि मग तुम्ही?” मी विचारायचे.

“मंग काय. टाइम झाला, बस निघाली.”

दर वेळी गोष्ट इथेच संपायची. पोहायला आसुसलेली बाई, समोर अख्खा समुद्र, आणि पुढे काय तर बस निघाली. मी खोदून विचारलं की म्हणायच्या, “उतरली ना पाण्यात, घोट्याएवढी,” आणि घंटा वाजायच्या आधीच उठायच्या.

सहावीच्या वर्गाला मात्र त्यांनी समुद्र पुरेपूर दिला. एक दिवस मोडक्या बाकाची फळी काढून जमिनीवर ठेवली, लांब सतरंजीची दोन्ही टोकं मुलांच्या हाती दिली आणि लाटा करायला सांगितलं. स्वतः पदर खोचून फळीवर चढल्या, गुडघे वाकवले, हात पसरले. वीस मुलं सतरंजी हलवतायत, धूळ उडतेय, मधे बाई डोळे मिटून डुलतायत, आणि नेमका त्याच वेळी दारात तपासणी अधिकारी. मुआयना आहे हे हेडमास्तर सांगायला विसरले होते. अधिकारी तेलुगू, बोलायला कडक. “एमिटी इदि? क्या है ये? कौनसा सब्जेक्ट है?”

“जॉग्रफी, सर,” बाई फळीवरूनच म्हणाल्या. “उतरू का?”

ते फळीकडे पाहत राहिले. मग विचारलं, “लोग गिरते नहीं?”

“गिरते हैं सर. फिर चढते हैं.”

साहेबांनी मान हलवली, “बागुंदि” म्हणाले, म्हणजे छान आहे, आणि सातवीकडे गेले. जाताना एकदा वळून पुन्हा त्या फळीकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, आता नोटीस येणार, पण काहीच आलं नाही.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका हिवाळ्यात आम्ही सातवीच्या मुलींना घेऊन बासरला गेलो. मुली गोदावरीत खिदळत होत्या, मीही दोन बुड्या मारून आले. बाई पायरीवर सगळ्यांचे कपडे आणि चपला राखत बसलेल्या. माझी चेष्टेची खोड. मी केस पिळत म्हटलं, “बाई, देवाचं तुम्हाला नसेल पटत, पण पाण्याशी काय भांडण आहे?”

त्या हसल्या नाहीत. मग व्हरांड्यातल्या त्याच खालच्या आवाजात, इतक्या वर्षांत कधीच न सांगितलेलं पुढचं सांगू लागल्या.

“भिक्षुणीनं आमाले अर्धा तास देल्ला होता. संगच्या दोघी लुगड्यासगट घुसल्या पाण्यात. त्याइले पोहणं येत नव्हतं, मले येत होतं. मी तं खोल जाणार होती. तेवढ्यात मले दोर दिसला. पाण्यात लांबलचक दोर, त्याले रंगीत गोळे बांधले होते. अलीकडं पोहणारे, पलीकडं फळीवाले. मले वाटलं, इथंबी वाटण्या हायत. मंग आपली वाटणी कोणती?”

“अहो, तो दोर पोहणाऱ्यांना फळी लागू नये म्हणून असेल.”

“आता समजते वं. तवा कुठं समजलं? कोणाले इचारावं तं भाषा नाई. म्हटलं, आपली जागा खालच्या अंगाले असंल. आपण चालत जाऊ. पण समुद्राचं खालचं अंग कोणतं? पाणी कुठून कुठं वाह्यते तेच दिसंना. काठानं चालत गेली, चालत गेली. शेवटी एक लहानशी नदी समुद्राले मिळते तिथं पोचली. तिचं पाणी मात्र वाहून राह्यलं होतं. माह्या जिवाले बरं वाटलं. म्हटलं, सगळ्याच्या खाली हेच. तिथं घोट्याएवढ्या पाण्यात उभी राह्यली.”

मुलींचा आरडाओरडा चालूच होता. एकीने हाक मारली, तिला बाईंनी हातानेच थांब म्हटलं.

“भिक्षुणी धावत आली हुडकत. म्हणे, इधर क्यों आए? मी इचारलं, हमारा घाट किधर है? तिले समजलंच नाई. हिंदी चांगली होती तिची, शब्द सारे समजले. पण मी काय इचारून राह्यली, तेच समजंना. तीनदा इचारलं. हसली असती तं बरं झालं असतं. तिनं फक्त हात पसरला, इकडून तिकडपर्यंत, पुरा समुद्र दाखवला. मंग मले रडू आलं, इंदू. तवर गाडीचा टाइम झाला होता. अर्धा तास होता माह्याजवळ. तो मी घाट हुडकण्यात घालवला.”

मी वरच्या घाटावरची सून. रोज सकाळी त्याच पायऱ्यांवर धुणं आपटणारी. इतकी वर्षं या बाईच्या शेजारी बसून समुद्राच्या गोष्टी ऐकत होते आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही, की डोह तर घरापासून दोनशे पावलांवर आहे. मी घाईघाईने म्हणाले, “बाई, आपल्या घाटावर चला. या रविवारीच चला.”

“आधी तुह्या सासूले इचार,” बाई म्हणाल्या, आणि मुलींना बाहेर बोलावू लागल्या.

मी विचारते म्हणाले, आणि विचारलं नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या नाही, पुढच्या तीन वर्षांत नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, वाईट नव्हत्या. दरवर्षी लोणचं घातलं की पहिली बरणी बाईंकडे पाठवायच्या. पण घाट म्हणजे घाट. मी तोंड उघडायचे आणि भलतंच बोलायचे, वाटाण्याचा भाव काय, पाहुणे कधी येणार. बाईंनी कधी आठवण केली नाही. केली असती तर मला निदान चिडता तरी आलं असतं.

मग त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, हेडमास्तरांचं लांबलेलं भाषण. मुलाने आदिलाबादजवळ मावल्याला घर बांधलं होतं, तो त्यांना न्यायला येणार होता. मंगळवारी जायचं ठरलं होतं. आदल्या रविवारी सकाळी मी, आत्याबाई आणि शेजारच्या दोघी वरच्या घाटावर धुणं धूत होतो. मार्गशीर्षाचे दिवस, डोहाचं पाणी तळापर्यंत दिसत होतं. पुलाच्या बाजूने, वाळूतून, बाई येताना दिसल्या. नेहमीच्याच चालीने. जुनं पातळ, ओचा घट्ट खोचलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. पायरीशी चपला काढल्या.

“मास्तरीनबाई, इकडं काऊन?” आत्याबाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“पोहाले,” बाई म्हणाल्या.

“खाली पाणी हाय ना.”

“हाय. तिथं पोहून झालं.”

आणि त्या उतरल्या. एक पायरी, दुसरी, तिसरी, मग पाणी छातीला लागलं आणि पाय सुटले. आत्याबाई उभ्या राहिल्या. हातातलं अर्धं पिळलेलं लुगडं त्यांनी तसंच दगडावर टाकलं. “चाल इंदू.” शेजारणी निघाल्याही होत्या. मी म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं. एवढं आटपून येते.” आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या पायऱ्या चढून गेल्या. मी खाली बसले आणि त्यांचं ते लुगडं त्याच पाण्यात विसळलं, तीनदा, चांगलं खळबळून. पुढे काय झालं विचाराल, तर आत्याबाईंनी ते तीन दिवस दोरीवरच राहू दिलं आणि चौथ्या दिवशी नेसल्या. माझ्याशी मात्र महिनाभर बोलल्या नाहीत.

मंगळवारी बाई गेल्या तेव्हा माझा वर्ग चालू होता. मावल्याला जाईन जाईन म्हणत मी राहिले, आणि दोन वर्षांनी त्या वारल्याचं मुलाचं कार्ड आलं. त्यामुळे मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच.

हात मारताना आवाज होत नव्हता. डोहाच्या मधोमध जाऊन त्या उताण्या झाल्या. अंबाडा सुटला, पांढरे-काळे केस पाण्यावर पसरले. डोळे मिटलेले. धार त्यांना हळूहळू पुलाकडे न्यायची, बऱ्याच खाली गेल्या की त्या अंग वळवून चार हात मारायच्या आणि पुन्हा वर, डोहाच्या मधे यायच्या, पुन्हा तशाच पडून राहायच्या. असं कितीतरी वेळा झालं. ऊन पायऱ्यांवर आलं. माझं धुणं केव्हाच संपलं होतं, बादली भरून मी नुसतीच बसले होते. पाणी गार होतं आणि त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, म्हणून मी हाक मारली, “बाई, बस झालं आता. घरी जायचं ना?”

“तू जा वं,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. “मी हाय अजून पाण्यात.”